टनामागं किती घोडे

अकरा घोडे आणि शंभर किलो. यामाहा आरएक्स 100 ची सगळी कुंडली या दोन आकड्यांत मावते. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांवर अकरा बीएचपी, आणि ती ताकद रस्त्यावर उतरवायला जेमतेम लागेल तेवढंच लोखंड. 1985 साली ही गाडी भारतात आली, 1996 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्याला तीस वर्षं होत आली. तरी हदगावच्या बसस्टँडसमोरून आजही एखादी आरएक्स गेली, की टपरीवरची माणसं कप तसाच हातात धरून मान वळवतात. बघायच्या आधी कानांना कळलेलं असतं. आवाज आधी पातळ असतो, दुसऱ्या गिअरला भरतो, तिसऱ्याला हवा चिरत जातो. मागून जळक्या टू-टी ऑइलचा वास येतो आणि रस्ताभर रेंगाळतो.

माझे मामा उमरखेडचे. कापसाचे पैसे हातात आले त्या वर्षी त्यांनी आरएक्स घेतली आणि पैनगंगेचा पूल ओलांडून सगळ्यात आधी बहिणीला दाखवायला आणली. आईनं गाडीला हळदकुंकू लावलं. मी मामांच्या मागं बसलो तेव्हा ती ओसरीवरून म्हणाली, "दादा, लेकराला घेऊन हळू जावा." मामा मला म्हणाले, "घट्ट धर," आणि क्लच सोडला.

वेग मी त्याआधी एसटीतही पाहिला होता. पण एसटी वेगाला पोचायची ती बऱ्याच वेळानं, चढावर कण्हत, उतारावर खडखडत. मामांच्या गाडीनं जे दिलं ते वेगाच्याही आधीचं होतं. मूठ पिळली त्याच क्षणी पाठीला धक्का बसला, रस्त्याकडेच्या बाभळी मागं सरकल्या. मनात आलं आणि झालं, यांत अंतरच उरलं नाही. पुढं आयुष्यभर ज्या ज्या गाडीनं मला ओढून घेतलं, तिच्यात मी हेच शोधत आलो.

या जादूमागचं यंत्र साधं आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला. शिवाय डोक्यावर व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, ते फिरवणारी साखळी नाही. म्हणजे त्याच आकारात जास्त ताकद, आणि तीही कमी वजनात. त्या कमी वजनाच्या इंजिनाला पेलायला चौकटही हलकी चालते, हलक्या चौकटीला चाकं आणि ब्रेक लहान चालतात. एका ठिकाणी वाचवलेला किलो असा पुढं तीन ठिकाणी वाचतो. उलटही तितकंच खरं असतं. जड इंजिनाला जाड चौकट लागते, जाड चौकटीला मोठे ब्रेक, मोठ्या ब्रेकना मोठी चाकं, आणि एवढं सगळं ओढायला पुन्हा जास्त ताकदीचं इंजिन.

तामसा रोडला एका उस्तादांचं गॅरेज होतं. पोरं यायची आणि म्हणायची, "उस्ताद, पिकअप वाढवून द्या." उस्ताद इंजिनाकडं बघायचेसुद्धा नाहीत. पोराच्या हातात चौदा नंबरचा पाना द्यायचे. "पयलं हे कॅरिअर उतरव. लेगगार्ड उतरव. माघल्या डिक्कीत काय काय भरून ठिवलंस ते काढ. चक्कर मारून ये, मग इंजिनाला हात लावू." पोरगं चक्कर मारून यायचं आणि त्याचा चेहरा उजळलेला असायचा. पोर्टिंगला पैसे पडायचे, हेड घासायला पैसे पडायचे. उतरवायला काहीच पडत नव्हतं. मात्र साडीगार्डला हात लावण्याआधी उस्ताद न चुकता विचारायचे, "माघं लेडीज बसतेत का?" हो म्हटलं की साडीगार्ड जागच्या जागी राहायचं. त्यावर वाद नाही. कोणतं वजन फुकटचं आणि कोणत्या वजनावर कुणाचा जीव टांगलेला आहे, याचा निवाडा तो माणूस एका प्रश्नात करायचा.

आमच्या भागात घोड्यांचा हिशेब सगळ्यांना कळतो, कारण विहिरीवरची मोटर पाच एचपीची की साडेसात एचपीची यावर पाळी लवकर संपते की रात्र होते ते ठरतं. आणि दारात ट्रॅक्टर असतो. पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर घेतला तर त्याचं वजन दोन टनांच्या आसपास भरतं, म्हणजे टनामागं बावीस-तेवीस घोडे. तिथं कुणालाही वजन कमी करायचं नसतं. उलट नांगरटीला काळ्या रानात चाकं घसरू नयेत म्हणून मागच्या टायरांत पाणी भरतात, पुढं बिडाची वजनं अडकवतात. ट्रॅक्टरचं वजन हीच त्याची पकड. त्याच घरातला पोरगा संध्याकाळी आरएक्सचं कॅरिअर खोलत बसलेला असतो. एकाच अंगणात वजनाला दोन न्याय मिळतात आणि दोन्ही बरोबर असतात. गाडी कशासाठी आहे हे ठरल्याशिवाय जड चांगलं की हलकं चांगलं, हा प्रश्नच निघत नाही.

आरएक्सचं टनामागचं गणित एकशे दहा घोड्यांवर जातं. हे अर्थात गाडी एकटी उभी असताना. पासष्ट किलोचा माणूस बसला की तेच गणित सत्तरच्या खाली येतं, मागं भाचा बसवला की आणखी खाली. हलक्या वाहनाचं हे एक दुखणं आहे, की चालवणाऱ्याचं अंगही हिशेबात धरावं लागतं. पण त्यातच त्याचा आनंदही आहे. आपण नुसते बसलेले नसतो, आपण त्या यंत्राचा भाग झालेले असतो. वळणावर आपण झुकलो तर ते झुकतं.

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, हे फार जुन्या काळापासून माहीत आहे. पैनगंगेच्या दोन्ही काठांना पटाचं वेड आहे. पटाचा छकडा शेतातल्या गाडीपुढं नुसता सांगाडा असतो, दोन माणसं तो उचलून बाजूला ठेवतील. छकडा हाकणारा धुरकरीही अंगानं बारीक, कारण त्याच्या वजनाचा प्रत्येक शेर बैलांना ओढायचा असतो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली, 2021 च्या डिसेंबरात महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर पटाच्या जोडीच्या किमती लाखांत बोलल्या जाऊ लागल्या. शेतात राबणारा लाल कंधारी बैल आणि पटावर उडणारा बैल यांच्या किमतीत आता जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथं ताकद महाग आणि हलकेपणा स्वस्त. मोटारीत नेमकं याच्या उलट आहे, आणि परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारचं सगळं दुखणं त्या उलटेपणात आहे.

आज मोटारीत ताकद वाढवणं फार अवघड राहिलेलं नाही. छोट्या इंजिनाला टर्बो जोडला की साठ-सत्तर घोड्यांच्या जागी शंभर-सव्वाशे मिळतात. पोलाद स्वस्त आहे, त्याचे पत्रे दाबून बॉडी बनवण्याची यंत्रणा प्रत्येक कारखान्यात आहे. पण चार दारं, पाच सीट, काचा, एसी, एअरबॅग, धडकेत न चेपणारा सांगाडा, हे सगळं ठेवून वजन खाली आणायचं म्हटलं की अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन फायबर लागतं, आणि किंमत हातातून निसटते. म्हणून कंपन्या सोपा रस्ता धरतात. गाडी जड झाली, घोडे वाढवा. घोडे वाढले, गाडी आणखी जड झाली.

हा फास सोडवायला आयुष्य वेचणारा माणूस म्हणजे लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन. त्याचा आग्रह साधा होता. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर वेगवान होते, वजन कमी केलं तर ती सगळीकडं वेगवान होते. त्याच्या पश्चात 1996 साली त्याच्या कंपनीनं एलिस आणली. इंजिन रोव्हरच्या घरगुती मोटारीतलं, 118 बीएचपीचं. अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या डिंकानं चिकटवून केलेली चौकट सत्तर किलोच्या आत, आणि अख्खी गाडी सव्वासातशे किलोच्या आसपास. टनामागं एकशे साठहून जास्त घोडे. आता तिच्याशेजारी आपल्याकडची डीसी अवंती उभी करू. दिलीप छाब्रिया यांनी 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत ती दाखवली आणि पुण्याजवळ बांधायला घेतली. इंजिन मधोमध, रेनोचं दोन लिटरचं टर्बो, 250 बीएचपी. पण वजन दीड टनाच्या वर. भागाकार केला की तिचेही टनामागं एकशे साठच्या आसपास घोडे निघतात. एकीनं ताकद दुप्पट लावून जे मिळवलं, ते दुसरीनं निम्म्या वजनात मिळवलं होतं. त्या दुप्पट ताकदीसाठी पेट्रोल जळतं, टायर झिजतात आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

ब्रेकचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. एक टनाची गाडी ताशी शंभरनं जात असेल तर तिच्या अंगात 386 किलोज्यूल ऊर्जा भरलेली असते. दीड टनाची असेल तर 579. समोर म्हैस आली की ही सगळी ऊर्जा त्या चार चकत्यांनी उष्णता करून हवेत सोडायची असते. वळणावर टायरची पकडही वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, टायरवरचा भार दुप्पट झाला तर पकड दुपटीपेक्षा कमी भरते. म्हणून जड गाडी वळणावर बाहेर ओढत जाते, हलकी गाडी कडेला धरून निघते.

आणि आमचे रस्ते पाहा. तुळजापूरहून लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरकडं जाणारा 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हदगावावरून जातो आणि आता तो चौपदरी आहे. वारंगा फाटा, अर्धापूर करत नांदेड गाठायला पूर्वी लागायचा त्याच्या निम्मा वेळ पुरतो. पण हिवाळ्यात याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, काहींना मागं दिवाही नसतो. आतले रस्ते, मनाठ्याकडचे, निवघ्याकडचे, काळ्या मातीवर टाकलेले. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते, त्यामुळे वरच्या डांबराला लाटा येतात. तिथं ताशी दोनशेनं पळणाऱ्या गाडीचा काय उपयोग? हवेचा विरोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. ताशी साठवरून एकशे वीसवर गेलं, की नुसत्या हवेसाठी आठपट ताकद लागते. जर्मनीच्या मोकळ्या महामार्गावर अडीचशे घोडे हवेशी झुंजण्यात कामाला येतात. आमच्याकडं गाडी तीसवरून सत्तरवर येते, ट्रॉली ओलांडते, पुन्हा चाळीसवर येते, वळते, गतिरोधकावर थांबते, परत सुटते. या सगळ्या कामांत हवेपेक्षा वजन आडवं येतं. म्हणून मला मनापासून वाटतं, की हलक्या गाडीची गरज इंग्लंडातल्या वळणावळणाच्या रस्त्यांना आहे तितकीच, किंबहुना जास्तच, मराठवाड्यातल्या रस्त्यांना आहे.

असा प्रयत्न आपल्याकडं झालाच नाही असं नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यातल्या वेर्ण्याहून सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, उघड्या टपाची गाडी निघाली. बॉडी फायबरग्लासची. पोलादी पत्रा दाबायचे साचे करायला कोट्यवधी रुपये लागतात, ते वसूल व्हायला हजारोंनी गाड्या विकाव्या लागतात. फायबरग्लासचा साचा त्यामानानं फार स्वस्त, आणि बॉडी हलकी ती वर. इंजिन रेनोचं, साठ घोड्यांचं. आकडा लहान दिसतो, पण वाट बरोबर होती. फक्त दोन माणसांची गाडी विकत घेणारं घर त्या काळात फार विरळ होतं.

टाटा मोटर्सनं तर हलकेपणाची परीक्षा वेगळ्याच वाटेनं दिली. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीत नॅनो दाखवली तेव्हा सगळं जग किमतीबद्दल बोललं, एक लाख रुपये. मी मात्र नॅनोकडं नेहमी दुसऱ्या नजरेनं बघतो. वजन सहाशे किलो. इंजिन मागं, ताकद मागच्या चाकांना, चाकं गाडीच्या चार कोपऱ्यांत ढकललेली, एकच वायपर, चाकाला तीनच नट. शर्यतीची गाडी बांधणारा माणूस जे जे काढून टाकतो, ते ते गिरीश वाघ यांच्या चमूनं काढून टाकलं होतं. कारण मात्र निराळं होतं. त्यांना प्रत्येक नटामागचे पैसे वाचवायचे होते, वजन आपोआप वाचत गेलं. इंजिन 624 सीसीचं, दोन सिलिंडरचं, तेहेतीस-पस्तीस घोड्यांचं. टनामागं पंचावन्नच्या आसपास. त्या चौकटीत साठ घोडे, रुंद टायर आणि चांगले ब्रेक बसवून कारखान्यानंच एखादी गाडी काढली असती तर? हा विचार मला अजून सोडत नाही. तेवढी जोड दिली असती, तर त्या गाडीला लोकांनी गरिबाची म्हणून नाकारलं नसतं, तरुण पोरांनी तिला डोक्यावर घेतलं असतं.

मग 7 मार्च 2017 ला जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये त्याच कंपनीनं रेसेमो समोर आणली. तिचं छायाचित्र मी किती तरी दिवस जपून ठेवलं होतं. दोन आसनं, इंजिन मधोमध, ताकद मागच्या चाकांना, 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल, 190 अश्वशक्ती, शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत. चौकट अशी, की थोड्या गाड्या बनवल्या तरी साच्यांचा खर्च डोईजड होऊ नये. स्टॉर्मला जी अडचण फायबरग्लासनं सोडवावी लागली होती, ती आता या गाडीत नव्या तऱ्हेनं सोडवली होती. आणि लांबी चार मीटरच्या आत! ज्याला आपल्याकडची करव्यवस्था ठाऊक आहे, त्याला या लांबीतली आणि 1.2 लिटरमधली हुशारी लगेच कळेल.

2006 पासून आपल्या देशात चार मीटरपेक्षा लहान आणि 1200 सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असलेली गाडी करासाठी छोटी धरली जाते. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे, ती रेषा ओलांडणाऱ्या गाडीवर 40 टक्के. वजनाला या कायद्यात जागा नाही, ताकदीलाही नाही. मोजतात ती लांबी आणि सिलिंडरचं आकारमान. त्यामुळे आपल्याकडच्या परवडणाऱ्या वेगवान गाडीचं नशीब बाराशेव्या सीसीवर ठरतं.

दोन गाड्या बघा, दोन्ही महाराष्ट्रात बनलेल्या. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय चाकणची, 2013 ची. इंजिन 1197 सीसीचं, म्हणजे रेषेच्या तीन सीसी अलीकडं. 105 अश्वशक्ती, वजन अकराशे किलो, किंमत आठ लाखांच्या उंबऱ्यावर, शंभरचा वेग 9.7 सेकंदांत. दुसरी रांजणगावची, महागणपतीच्या शेजारच्या फियाटच्या कारखान्यात 2015 मध्ये बनलेली अबार्थ पुंटो. 1368 सीसी, म्हणजे रेषेच्या पलीकडं, मोठ्या गाडीचा कर माथी. तरीही कंपनीनं ती 9 लाख 95 हजारांना आणली. 145 बीएचपी, चारही चाकांना डिस्क, शंभरला 8.8 सेकंद. वजन बाराशे किलोच्या आसपास, म्हणजे टनामागं एकशे वीस घोडे.

एकशे वीस. मामांच्या आरएक्सचे एकशे दहा. 1989 मध्ये माझदानं अमेरिकेत 13,800 डॉलरला आणलेल्या आणि जगभरच्या सामान्य माणसाला स्पोर्ट्स कार परत मिळवून देणाऱ्या मिआटाचेही एकशे वीसच्या जवळपास. तीन तऱ्हांची वाहनं, आणि तिघांचं गणित एकाच ठिकाणी येऊन थांबतं. माणसाच्या मनाला हवा असलेला पाठीवरचा तो धक्का याच आकड्याच्या आसपास मिळत असावा. त्याच्या खाली गाडी फक्त नेते. त्याच्या फार वर गेलं की चालवणाऱ्याचं कसब कमी पडायला लागतं, आणि किंमतही परवडेनाशी होते.

अबार्थ फार टिकली नाही, पुंटोच दशक संपायच्या आत बंद झाली. पोलो आपल्याकडं 2022 मध्ये संपली. रेसेमो रस्त्यावर आलीच नाही, तो प्रकल्प गुंडाळला गेला. सुझुकीनं जपानात 970 किलोची आणि 140 अश्वशक्तीची स्विफ्ट स्पोर्ट विकली, पण स्विफ्टवर एवढं प्रेम करणाऱ्या आपल्या देशात ती कधी आणली नाही. 2025 मध्ये फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआय आणली ती 53 लाखांना. एवढ्या पैशांत आमच्याकडं माणसं शेत घेतात.

हे असं का झालं, याचं उत्तर मला हदगावातल्या घरांत दिसतं. इथं घरात एक गाडी येते. तिनं नांदेडला दवाखान्यात न्यायचं असतं, लग्नाला सहा माणसं कोंबायची असतात, मृगाच्या आधी बियाण्याच्या पिशव्या आणायच्या असतात. बघायला आलेला पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा करतो. या प्रश्नात काही कमीपणा आहे असं मी मानत नाही. ज्याच्या घरातलं एकुलतं वाहन सगळ्यांचं असतं, त्यानं हाच प्रश्न आधी विचारायला हवा. म्हणून दोन आसनी गाडी आमच्याकडं दूरच राहील. आमची स्पोर्ट्स कार पाच दारांचीच असणार, आणि मागच्या सीटवर आजी बसणार. पण आजी मागं बसली आहे म्हणून समोरच्यानं कंटाळत गाडी चालवावी, असं कुठं लिहिलं आहे? मामा मला मागं बसवूनच निघाले होते.

आणि आजी बसणार आहे म्हणून साडीगार्डचा प्रश्न इथंही येतो. 2014 च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या. अल्टो, नॅनो आणि एअरबॅग नसलेली पोलो यांच्यासह पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. एअरबॅग असलेल्या पोलोला चार मिळाले, आणि कंपनीनं एअरबॅग नसलेला प्रकार बंद केला. नॅनोच्या सहाशे किलोंवर माझं कितीही प्रेम असलं तरी हे मला पुसता येत नाही. पुढच्या वर्षांत कायद्यानं धडक चाचण्या आल्या, एबीएस आलं, एअरबॅग आल्या आणि गाड्यांची वजनं वाढली. ते वजन मी आनंदानं स्वीकारतो. मला राग येतो तो बाकीच्या वजनाचा. दिखाव्यासाठी लावलेली सतरा-अठरा इंची चाकं, छतभर काच, विजेवर सरकणाऱ्या सीट, दारांत भरलेलं प्लॅस्टिक. त्यातही चाकांचं वजन सगळ्यात वाईट, कारण ते स्प्रिंगच्या खाली असतं. मनाठ्याच्या रस्त्यावरच्या लाटांवर ते प्रत्येक वेळी उसळतं, टायर जमीन सोडतो, आणि जमीन सुटली की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही बिनकामाचे. धडकेतून वाचवणारं वजन ठेवून हे सगळं उतरवलं, तर नऊशे किलोची, शंभर-एकशे दहा घोड्यांची, पाच दारांची गाडी आजही होऊ शकते. इंजिन 1200 सीसीच्या आत बसतं, लांबी चार मीटरच्या आत. चाकण आणि रांजणगाव इथं ती बांधण्याचं सगळं ज्ञान आहे, हे त्या दोन्ही ठिकाणच्या गाड्यांनी दाखवून दिलेलं आहे. दहा लाखांत कुणीतरी ती द्यावी, एवढंच माझं मागणं आहे.

ती येईपर्यंत पोरं जुन्या बाजारात शोधतात. परवा पुतण्याचा फोन आला. नांदेडला एक टर्बो हॅचबॅक बघायला गेला होता, आवाजात जुन्या आरएक्सवाल्यांची घाई होती.

"काका, पिकअप लई भारी हाय. मालक चार लाख म्हनायलाय. देऊन टाकू का बयाना?"

"चालवून बघितलीस का?"

"बघितली. पाठ सीटला चिटकती."

"आता ब्रेक बघ. मोकळ्या रस्त्यावर, मागं कुणी नसताना, साठवरून जोरात दाब. एका बाजूला ओढते का ते बघ. मग खाली उतर आणि टायर वाच."

"टायर काय वाचायचा त्याच्यात?"

"बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे."

फोनवर त्याचे श्वास ऐकू येत होते, बहुतेक गुडघ्यावर बसला होता. मागं कुणीतरी, मालकच असावा, काहीतरी सांगत होता.

"बावीस एकोणीस," तो म्हणाला.

2019 च्या उन्हाळ्यातले टायर. नक्षी अजून शाबूत असेलही, रबर मात्र केव्हाच कडक झालं असणार.

"चारही तसेच का?"

"तीन तसेच. एक नवा, दुसऱ्या कंपनीचा."

"मग मालकाला म्हणावं, चार नव्या टायरचे पैसे किमतीतून वजा करा. आणि डिक्कीत ते मोठं स्पीकरचं खोकं असेल तर ते त्यांनाच ठेवून घ्यायला सांग."

"तुमाला कसं कळलं खोकं हाय म्हनून?"

"असतंच. ते उतरवून परत एक चक्कर मार, आणि मग मला फोन कर."